केबल बंद करण्यापूर्वी

केबल बंद केलेल्या घरांना कारण विचारले की पहिले उत्तर बहुधा ‘परवडत नाही’ हेच येते. उत्तर खरे असते, पण अर्धे. त्याच घरात सहाशे-सातशे रुपयांचे इंटरनेट सुरू असते, दोन-तीन मोबाइलचे रिचार्ज वेळेवर होतात, एखाद्या ओटीटीची वर्गणीही भरलेली असते. मनोरंजनावरचा खर्च थांबलेला नसतो, तो दुसरीकडे वळलेला असतो. ज्या वाहिन्या कोणी लावतच नाही त्यांचे पैसे दर महिन्याला का भरायचे, हा घरात निघालेला खरा प्रश्न. तो एकदा निघाला की केबलवाल्याच्या पुढच्या फेरीआधीच निर्णय होऊन जातो.

हे एखाद्या गल्लीपुरते नाही. केबल आणि डीटीएच मिळून महिन्याला पैसे भरून टीव्ही पाहणारी घरे देशात २०१८ मध्ये सुमारे १५ कोटी होती. २०२४ पर्यंत ती ११ कोटींच्या आसपास उतरली, असे केबल व्यवसायाच्या संघटनेनेच प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो. सोडून गेलेली सगळी घरे ओटीटीकडे गेली असे मात्र नाही. त्यांतली बरीच दूरदर्शनच्या मोफत ‘डीडी फ्री डिश’कडे वळली. शहरातल्या सुस्थित घराने केबल सोडणे वेगळे आणि गावातल्या बेताच्या कमाईच्या घराने सोडणे वेगळे. दोघांना एकच सल्ला लागू पडत नाही.

बिल कुठून वाढले

टीव्हीला मासिक बिल असते ही गोष्ट महाराष्ट्रात तशी अलीकडची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे गच्चीवर किंवा कौलांवर अँटेना बसवला की काम भागत असे. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या, १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि गल्लोगल्लीच्या खटपट्या तरुणांनी गच्चीवर मोठी छत्री उभारून जिन्यातून घरोघर काळी तार सोडली. महिन्याला एक ठरलेली रक्कम, दारात येऊन नेलेली, बहुधा पावतीशिवाय. आणि त्या रकमेत येतील तेवढ्या सगळ्या वाहिन्या. कोणती वाहिनी पैशाची आणि कोणती फुकट, हे ग्राहकाला कळण्याचे कारणच नव्हते. भांडण वरच्या पातळीवर होते. केबलवाला वर कळवी त्याहून जास्त घरे प्रत्यक्षात जोडलेली असत, त्यामुळे वाहिन्यांना वर्गणीचा आणि सरकारला करमणूक कराचा पूर्ण वाटा मिळत नसे.

ही गळती थांबवण्यासाठी सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईत नोव्हेंबर २०१२ पासून, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांसारख्या शहरांत एप्रिल २०१३ पासून, आणि उरलेल्या लहान शहरांत व गावांत मार्च २०१७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने. त्याच वर्षी १ जुलैला राज्याचा करमणूक कर जाऊन केबलवर १८ टक्के जीएसटी आला.

घरच्या बिलाची घडण खऱ्या अर्थाने बदलली ती २०१९ मध्ये. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नवी दररचना आणली आणि बिलाचे दोन भाग पडले. पहिला भाग नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे घरापर्यंत सिग्नल आणून देण्याचे शुल्क. १०० साध्या वाहिन्यांसाठी ते जास्तीत जास्त १३० रुपये ठरले, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. दुसरा भाग ग्राहकाने निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. जे पाहायचे त्याचेच पैसे भरायचे, ही त्यामागची कल्पना चांगली होती.

व्यवहारात ती निम्मीच उतरली. पॅकमध्ये घालायची तर वाहिनीची किंमत १९ रुपयांहून जास्त असू नये, अशी अट होती. मग बऱ्याच लोकप्रिय वाहिन्या नेमक्या १९ रुपयांवर जाऊन बसल्या. एकेक वाहिनी सुटी घेतली तर महाग पडे, पॅक घेतला तर स्वस्त, पण सोबत न मागितलेल्या दहा वाहिन्या येत. त्या वर्षीच्या जानेवारीत केबलवाल्यांनी घरोघर छापील याद्या वाटल्या. नावांपुढे खुणा करून त्या परत द्यायच्या होत्या. बारीक टाइपातली ती यादी कितीतरी घरांत फ्रिजवर किंवा कॅलेंडरमागे पडून राहिली आणि शेवटी केबलवाल्याने ठरवलेला पॅकच चालू झाला. आजही अनेक घरांच्या बिलाचे मूळ त्या न भरलेल्या यादीत सापडते.

पुढे नियम पुन्हा बदलले. २०२० मध्ये १३० रुपयांत १०० ऐवजी २०० वाहिन्या द्याव्यात आणि घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी ही फी ४० टक्क्यांहून जास्त घेऊ नये, असे ठरले. जुलै २०२४ मध्ये फीवरची कमाल मर्यादाच उठली. आता ऑपरेटरला प्रदेशानुसार किंवा ग्राहकांच्या गटानुसार वेगळा दर ठेवता येतो, मात्र ते दर जाहीर करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे बहिणीच्या गावचे बिल आणि आपले बिल यांची तुलना करून भांडायला जाण्यात अर्थ उरलेला नाही. आपल्या ऑपरेटरचे दरपत्रक मागून घेणे हाच मार्ग.

बिल वाढले की राग निघतो तो दारात येणाऱ्या माणसावर. ट्रायच्या रचनेत वेगळा करार नसेल तर नेटवर्क फीचा ५५ टक्के वाटा सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीचा आणि ४५ टक्के गल्लीतल्या ऑपरेटरचा. १३० रुपयांत त्याचे साडेअठ्ठावन्न. त्यातून तारा, अॅम्प्लिफायर, वीज आणि पावसात खांबावर चढणारा पोरगा. सशुल्क वाहिन्यांच्या किमतीचा मोठा हिस्सा तर वाहिनीच्या मालकाकडेच जातो. केबल सोडायची असेल तर जरूर सोडावी, पण ज्याच्या हातात हे दर नाहीत त्याच्याशी उंबरठ्यावर वाद घालू नये.

घराला केबल नकोशी का होते

पैशाइतकेच वजनदार कारण वेळेचे आहे. केबल वेळापत्रकाने चालते आणि घरे आता तशी चालत नाहीत. डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाणारा माणूस रात्री नऊला घरी पोचतो, तोवर साडेसातची, आठची, साडेआठची अशा तीन मालिका होऊन गेलेल्या असतात. मुलांचे क्लास, पाळीची ड्यूटी, घरून काम यांनी संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसण्याची सवय मोडली. तीच मालिका वाहिनीच्या अॅपवर हव्या त्या वेळी मिळते म्हटल्यावर वेळ पाळायला लावणारी तार आपोआप मागे पडते.

दुसरे कारण जाहिराती. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटे जाहिरातींना मुभा आहे: १० मिनिटे व्यापारी आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या. पैसे भरूनही जाहिराती पाहायच्या, हे ग्राहकाला खटकते. ओटीटीच्या स्वस्त योजनांतही जाहिराती असतातच, हे मात्र वर्गणी भरल्यानंतर कळते.

तिसरे कारण पडद्याचे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. गेल्या काही वर्षांत बैठकीच्या खोलीतला २१ इंची टीव्ही जाऊन ४३ इंची आला. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचे चित्र एवढ्या पडद्यावर ताणले गेले की चेहऱ्यांच्या कडा पुसट दिसतात आणि खाली सरकणाऱ्या बातम्यांची अक्षरे फुटतात. एचडी वाहिन्या घ्याव्यात तर त्यांची किंमत जास्त आणि वाहिन्यांची संख्या मोजताना एक एचडी दोन एसडींच्या बरोबरीची धरली जाते. टीव्ही नवा घेतल्यावर सहा महिन्यांत केबल बंद झाली, अशी जी उदाहरणे आसपास दिसतात त्यांत टीव्ही ‘स्मार्ट’ असण्याइतकाच या फुटलेल्या चित्राचाही हात असतो.

क्रिकेटमुळे बरीच घरे केबलला धरून होती. तो धागाही सैल झाला. २०२३ मध्ये आयपीएलचे टीव्हीवरचे आणि इंटरनेटवरचे हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले आणि त्या वर्षी इंटरनेटवर सामने फुकट दाखवले गेले. दोन महिने मोबाइलवर सामने पाहिलेल्या तरुणांनी ‘मग केबल कशासाठी?’ असे घरात विचारले, आणि त्याला उत्तर नव्हते. पुढे फुकटचा तो काळ सरला, पण प्रश्न राहिला. अॅपवरचे चित्र केबलपेक्षा काही सेकंद मागे असते, हे क्रिकेटवेड्या घराने ध्यानात ठेवावे. शेजारी षटकाराची आरोळी उठते तेव्हा अॅपवरचा गोलंदाज अजून धावतच असतो.

सेवेबद्दलची नाराजी उरते. गल्लीतली वीज गेली की खांबावरचा अॅम्प्लिफायर बंद पडतो आणि घरात इन्व्हर्टर असूनही पडद्यावर ‘नो सिग्नल’ येते. रस्ता खोदला की तार तुटते. फोन उचलला जात नाही. त्यातच एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही, त्यामुळे ऑपरेटर बदलणे म्हणजे नव्या बॉक्सचा खर्च. कोणालाही चालेल असा बॉक्स असावा, अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली, पण घराघरांतले बॉक्स आजही एकाच कंपनीला बांधलेले आहेत. सिम बदलावे इतक्या सहज केबल बदलता आली असती, तर बंद करणाऱ्यांपैकी काही घरे नक्की टिकली असती.

आधी पंधरा दिवसांची नोंद

बंद करण्याचा विचार पक्का होण्याआधी पंधरा दिवस एक साधी नोंद ठेवावी. टीव्हीशेजारी वही-पेन ठेवून कोणी, कोणती वाहिनी, साधारण किती वेळ पाहिली एवढेच लिहावे. घरातल्या सर्वांनी लिहिले तरच तिचा उपयोग. बहुतेक घरांत दोनशे वाहिन्यांतून सात-आठच पाहिल्या जातात, हे या वहीतून ढळढळीत दिसते. ‘टीव्ही कोणी पाहतच नाही’ म्हणणाऱ्याला दुपारी एक ते चार टीव्ही चालू असतो हेही तिथेच समजते. निर्णय घेणारा त्या वेळी ऑफिसात असतो, म्हणून त्याला ते ठाऊक नसते.

मग ऑपरेटरकडून तपशीलवार बिल मागून घ्यावे आणि त्यात चार गोष्टी पाहाव्यात: नेटवर्क फी किती, पॅक कोणते आणि त्यांत वाहिन्या कोणत्या, दुसऱ्या टीव्हीचे किती, जीएसटी किती. नोंदवहीतल्या वाहिन्या आणि पॅकमधल्या वाहिन्या समोरासमोर ठेवल्या की कोणता पॅक बिनकामाचा आहे ते लगेच दिसते. पुष्कळदा केबल पूर्ण बंद करण्याची गरजच नसते. एक क्रीडा पॅक आणि एक इंग्रजी चित्रपटांचा पॅक काढून दोन मराठी वाहिन्या सुट्या घेतल्या की बिल चांगलेच उतरते. सुटी वाहिनी घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे फक्त पॅकच आहेत’ हे उत्तर मान्य करू नये.

हिशेब वर्षाचा मांडावा, महिन्याचा नव्हे. समजा केबलचे बिल ३५० रुपये आहे. वर्षाचे ४,२०० झाले. घरात इंटरनेट आधीच असेल तर केबल बंद केल्यावर ही रक्कम वाचते आणि त्यातून नव्या ओटीटी वर्गण्या वजा करायच्या. पण इंटरनेट नसेल आणि केवळ टीव्हीसाठी ५९९ रुपयांची जोडणी घ्यायची असेल, तर जीएसटीसह महिन्याला सुमारे ७०७ आणि वर्षाला साडेआठ हजारांच्या घरात खर्च जातो, ओटीटी त्यावर वेगळे. अशा घराला केबल सोडणे महागात पडते. मोबाइलचा हॉटस्पॉट टीव्हीला जोडून भागेल असे काहींना वाटते. एचडी चित्राला तासाला साधारण एक ते तीन जीबी डेटा लागतो, त्यामुळे रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर घरचा टीव्ही दोन तासही धड चालत नाही.

आजींचा रिमोट

घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असेल तर हिशेबाच्या आधी त्यांचा विचार व्हावा. केबलचा रिमोट आजींच्या हातात पाहण्यासारखा असतो. वर प्लॅस्टिकचे वेष्टण, त्यावर रबर बँड, आवाजाच्या बटणावरची खूण झिजून गेलेली. पण त्यांना ती खूण लागतच नाही. मालिकेच्या वाहिनीचा तीन आकडी क्रमांक बोटांना पाठ असतो; सकाळच्या अभंगांचा वेगळा, बातम्यांचा वेगळा. लाल बटण दाबून तीन आकडे दाबले की त्यांचे जग समोर उभे राहते आणि त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

हाच टीव्ही अॅपवर गेला की आधी पडदा कोणाचे खाते ते विचारतो, मग अॅपचे चौकोन दाखवतो, मग मालिका शोधायला इंग्रजी अक्षरांची पाटी समोर धरतो. वाय-फाय गेले तर काय करायचे ते त्यांना कळत नाही, आणि दर वेळी नातवाला हाक मारणे त्यांना आवडत नाही. थोड्या दिवसांत त्या टीव्ही लावायचेच सोडून देतात. ‘आता पाहवत नाही’, ‘डोळे दुखतात’ असे सांगतात. महिन्याला दीडशे-दोनशे रुपये वाचवण्यासाठी दुपारच्या एकट्या वेळेतली सोबत काढून घेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. अशा घरात एका टीव्हीपुरती, मोजक्या मराठी वाहिन्यांची छोटी जोडणी राहू द्यावी.

केबल काढणे अगदीच आवश्यक असेल तर आधी महिनाभर दोन्ही व्यवस्था सोबत चालवाव्यात. रिमोटवर एखाद्या अॅपचे थेट बटण असेल तर त्याच अॅपची वर्गणी घ्यावी, त्यात त्यांच्या मालिका ‘आवडत्या’ म्हणून साठवून द्याव्यात, आवाजी शोध मराठीत कसा करायचा ते सावकाश दाखवावे. बऱ्याच आजी-आजोबांना तो आठवड्याभरात जमतो. टीव्हीशी बोलायचे म्हणजे काहीतरीच, हा पहिल्या दिवसाचा संकोच मात्र घालवावा लागतो, आणि ते काम घाईत होत नाही.

केबलच्या जागी काय

सर्वांत स्वस्त पर्याय डीडी फ्री डिश. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचे. सह्याद्री वाहिनी, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या आणि लिलावातून जागा घेतलेल्या काही खासगी वाहिन्या तिच्यावर दिसतात. खासगी वाहिन्यांची यादी बदलत राहते, म्हणून घेण्यापूर्वी शेजारी कोणाकडे असेल तर त्यांच्याकडे सध्या काय दिसते ते प्रत्यक्ष पाहून यावे. या सेवेचा उपग्रह महाराष्ट्रातून आग्नेयेकडे दिसतो. त्यामुळे गच्चीवरून किंवा खिडकीतून आग्नेयेचे आकाश मोकळे आहे का, समोर उंच इमारत किंवा आंब्याचे झाड आहे का, हे पैसे देण्याआधी तपासावे. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जाते. क्रिकेटप्रेमींसाठी एक जमेची बाजू आहे: २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावे लागते आणि ते फ्री डिशवर फुकट पाहता येते. माळ्यावरचा जुना काडीचा अँटेना काढून बसवण्याचा विचार मात्र सोडावा. दूरदर्शनची जुनी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे बहुतेक बंद झाली आहेत.

बातम्यांसाठी केबल लागतेच असे नाही. एबीपी माझा, टीव्ही नाइन मराठी, झी चोवीस तास, साम या वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. मराठी मालिकांसाठी ज्या वाहिनीची मालिका, तिच्या मालकाचे अॅप, हा नियम. म्हणजे घरात तीन वेगवेगळ्या मालकांच्या वाहिन्यांवरच्या मालिका पाहिल्या जात असतील तर तीन अॅप लागणार. एका वेळी एकच वर्गणी घ्यावी, तीही महिन्याची किंवा तिमाही. वर्षभराची एकदम भरू नये. मोबाइल किंवा इंटरनेटच्या रिचार्जसोबत कोणते ओटीटी येते ते आधी पाहावे, कारण फुकट मिळालेल्याच अॅपची वर्गणी पुन्हा भरणारी घरे कमी नाहीत.

एका गोष्टीला पर्याय नाही, ती म्हणजे स्थानिक केबल वाहिनी. गावातली विसर्जन मिरवणूक, नगरपालिकेची निवडणूक, कोणत्या भागात उद्या पाणी येणार नाही, शाळेचा वार्षिक समारंभ: हे कुठल्याही मोठ्या अॅपवर नसते. ज्यांना त्याची सवय आहे त्यांना केबल गेल्यावर हीच उणीव सर्वांत आधी जाणवते. काही स्थानिक वाहिन्या आता यूट्यूबवर किंवा फेसबुकवरही असतात. आपल्या गावची आहे का, ते विचारून घ्यावे.

बंद करण्याची रीत

गणपतीत किंवा मे महिन्यातच उघडणाऱ्या कोकणातल्या घरासाठी, किंवा काही महिने मुलांकडे राहायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी, जोडणी कायमची तोडण्यापेक्षा तात्पुरती थांबवणे बरे. तशी मागणी ग्राहक करू शकतो. तिचे शुल्क ऑपरेटर ठरवतो, पण ते जाहीर दरपत्रकात असले पाहिजे. ज्याला केबलविना राहून पाहायचे आहे त्यालाही हीच सोय उपयोगी: एक महिना थांबवावे, घर कसे चालते ते पाहावे, मग पुढचे ठरवावे.

कायमची बंद करताना केवळ पैसे भरणे थांबवू नये. प्रीपेड जोडणी आपोआप बंद होते खरी, पण अनामत रक्कम आणि बॉक्सचा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो आणि पुढे घर बदलताना किंवा त्याच ऑपरेटरकडून इंटरनेट घेताना जुनी बाकी काढली जाते. लेखी अर्ज द्यावा किंवा कंपनीच्या अॅपवरून, ग्राहक क्रमांकावरून विनंती नोंदवून तिचा तक्रार क्रमांक घ्यावा. अर्जात ग्राहकाचे नाव, पत्ता, बॉक्सवर छापलेला क्रमांक, कोणत्या तारखेपासून बंद करायचे ती तारीख आणि शिल्लक रक्कम परत मिळण्याची मागणी असावी. अर्जाची दुसरी प्रत सही-शिक्क्यानिशी घ्यावी. शिक्का नसेल तर ऑपरेटरची सही आणि तारीख पुरे, आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

बॉक्स कोणाचा, हे आधी पाहावे लागते. पूर्ण किंमत देऊन घेतलेला बॉक्स ग्राहकाचा असतो, तो परत देण्याची गरज नाही. भाड्याने किंवा अनामत देऊन घेतलेला असेल तर रिमोट आणि अॅडॉप्टरसह परत करावा आणि अनामत मागावी. २०१२-१३ मध्ये बॉक्स बसवताना मिळालेली पावती बहुतेकांकडे आज नसते. अशा वेळी कंपनीच्या नोंदीत काय आहे ते ग्राहक क्रमांकावरून विचारता येते. बॉक्स देताना तो चालू स्थितीत असल्याचा छोटा व्हिडिओ काढावा, म्हणजे बिघाडाच्या नावाखाली कपात होणार नाही.

पैसे अडले तर आधी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, मग तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ट्राय ग्राहकाच्या वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रे पाठवून वेळ घालवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. रक्कम चार-पाचशेची असली तरी मागावी.

केबल गेल्यावर नव्या वर्गण्यांवर लक्ष ठेवावे लागते. केबलवाला निदान दारात यायचा आणि पैसे देताना बिल किती झाले ते दिसायचे. ओटीटीचे पैसे यूपीआय ऑटोपेने आपोआप जातात. फोनवरच्या यूपीआय अॅपमध्ये ऑटोपेची यादी असते. ती महिन्यातून एकदा उघडून पाहावी आणि ज्या अॅपवर महिनाभर कोणी फिरकले नाही त्याची परवानगी तिथूनच रद्द करावी. सहा महिन्यांनी सगळ्या वर्गण्यांची बेरीज जुन्या केबल बिलाशी ताडून पाहावी. बेरीज जास्त निघाली तर दोन वर्गण्या कमी कराव्यात, किंवा छोट्या पॅकची केबल पुन्हा घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

जिन्यातून घरात आलेली जुनी तार मात्र कापू नये आणि रंगकाम करणाऱ्याला उपटूही देऊ नये. ती गुंडाळून, टोकाला टेप लावून भिंतीशी ठेवून द्यावी. पुन्हा जोडणी घ्यायची झाली तर तीच तार वापरता येते, आणि घर भाड्याने दिले तर येणाऱ्या भाडेकरूला ती लागतेच.